एक दुकान, अनेक निर्माते

कापडाच्या व्यापारात मालाची ओळख दोन नावांनी होते. पहिले नाव गावाचे. इरकल म्हटले की लुगडे, गुळेदगुड्ड म्हटले की खण, नवलगुंद म्हटले की जमखान, आणि धारवाड म्हटले की पेढ्याच्या खालोखाल कसुती, हे आमच्या भागात लहान मुलासही सांगावे लागत नाही. दुसरे नाव दुकानाचे. ते पाटीवर असते, पिशवीवर असते व गिऱ्हाइकाच्या तोंडीही असते. तिसरे एक नाव मात्र मालावर सहसा आढळत नाही. ज्या हाताने तो पदर भरला त्या हाताचे नाव ते हेच. पेढीवर बसणाऱ्यास ते पुष्कळदा ठाऊक असते, परंतु गिऱ्हाइकापर्यंत ते पोहोचत नाही.

या तिसऱ्या नावास पहिले स्थान देऊन एक मोठी बाजारपेठ उभी राहिल्याचे उदाहरण जपानात आहे. ते आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडावे आणि हुबळी-धारवाडच्या पेठेस त्यातून काय घेता येईल याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हाराजुकूची पेठ

तोकियो शहराच्या शिबुया विभागात मेइजी देवस्थानाच्या लगत हाराजुकू नावाची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात अमेरिकन सैन्यातील लोकांची वसाहत होती. १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी त्याच जागी खेळाडूंचे निवासस्थान झाले. परदेशी माणसांचा वावर असल्यामुळे नव्या तऱ्हेच्या पोशाखाची ओढ येथील तरुणांत लवकर रुजली. १९७७ पासून सुटीच्या दिवशी येथील हमरस्ता वाहनांस बंद ठेवण्यात येऊ लागला आणि १९९८ पर्यंत ही प्रथा चालली. मोकळ्या रस्त्यावर तरुण-तरुणी आपापला पोशाख मिरवू लागले. कोणी झालरींचा घेरदार झगा व डोक्यास फीत अशा बाहुलीच्या वेषात येई, तर कोणी केसांत रंगीबेरंगी चिमट्यांची दाटी करून येई. आमच्या वाचकांस हे पोशाख विचित्र वाटतील. परंतु व्यापाऱ्याने पोशाखाकडे न पाहता त्यामागील व्यवहाराकडे पाहावे.

एरवी कपड्याची नवी तऱ्हा वरून खाली येते. मोठी पेढी ती ठरवते, घाऊक व्यापारी ती उचलतो, किरकोळ दुकानदार ती मांडतो आणि गिऱ्हाईक ती नेसते. हाराजुकूत हा ओघ उलटा झाला. तऱ्हा रस्त्यावर जन्मास आली आणि ती शिवणारेही त्याच रस्त्यावरचे निघाले. १९७० च्या दशकात तेथे राहत्या खोलीतच शिवणयंत्र मांडून थोडाथोडका माल काढणारे निर्माते पुढे आले. जपानी व्यापारात त्यांस ‘मॅन्शन मेकर’, म्हणजे खोलीत बसून माल करणारे, असे नावच पडले. १९७८ मध्ये लाफोरे हाराजुकू ही अनेक लहान गाळ्यांची इमारत उघडली आणि पुढे अशा निर्मात्यांस तेथे आसरा मिळाला. शोइची आओकी या छायाचित्रकाराने १९९७ मध्ये ‘फ्रूट्स’ नावाचे मासिक काढून या रस्त्यावरील पोशाखांची चित्रे जगभर पोहोचविली. ते मासिक २०१७ पर्यंत चालले.

या साऱ्यांत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते ती हमरस्त्यामागील गल्लीतील एका छोट्या दुकानाची कथा. १९९३ मध्ये जुन ताकाहाशी व निगो या दोघा तरुणांनी ‘नोव्हेअर’ या नावाचे दुकान काढले. दोघेही बुन्का या पोशाख-शिक्षणाच्या विद्यालयात शिकलेले होते. स्वतंत्र दुकान थाटण्याऐवजी त्यांनी एकच जागा वाटून घेतली. एका बाजूस ताकाहाशीचा ‘अंडरकव्हर’ या नावाचा माल असे. दुसऱ्या बाजूस निगोने प्रथम निवडून आणलेला माल ठेवला व थोड्याच काळात ‘अ बेदिंग एप’ या नावाने स्वतःचा माल काढला. जागा एक होती, पण माल दोन होते आणि नावेही दोनच राहिली. पुढे दोघांची नावे जगभर झाली. ताकाहाशीने २००२ पासून पॅरिसमध्ये आपले पोशाख दाखविले. निगोचा व्यवसाय २०११ मध्ये हाँगकाँगच्या एका कंपनीने विकत घेतला आणि २०२१ मध्ये त्याची पॅरिसच्या केन्झो पेढीवर कलाप्रमुख म्हणून नेमणूक झाली. त्या गल्लीतील दुकान सहकारी कायद्याखाली नोंदलेले नव्हते हे खरे. परंतु जागा सामाईक आणि नाव स्वतंत्र हे सहकारी दुकानाचे मूळ तत्त्व त्यात पूर्णपणे होते.

याहूनही लहान निर्मात्यांसाठी जपानात भाड्याच्या पेटीची दुकाने असतात. दुकानदार भिंतीशी लहान लहान खाने मांडतो. प्रत्येक खाना एकेका निर्मात्यास महिन्याच्या भाड्याने देतो, विक्री स्वतः करतो आणि ठरल्या दिवशी ज्याचे त्यास पैसे चुकते करतो. आपल्या पेठेतील जांगड मालाचीच ही पद्धत आहे, तिला भाड्याची जोड दिली आहे इतकेच.

एकट्याचे दुकान का चालत नाही

हिशेबाशिवाय व्यापाऱ्याची खात्री पटत नाही, म्हणून उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. समजा, चांगल्या रस्त्यावरील गाळ्याचे भाडे महिना २४,००० रुपये, एका नोकराचा पगार १२,००० रुपये आणि वीज व किरकोळ खर्च ४,००० रुपये, म्हणजे एकूण खर्च ४०,००० रुपये आहे. हाताने माल करणाऱ्या एका निर्मात्याची महिन्याची विक्री ५०,००० रुपये धरली, तर त्यातील ८० टक्के रक्कम दुकानातच जिरते. सूत, रेशीम, रंग व मजुरी यांस काहीच उरत नाही. तेच आठ निर्माते एकत्र आले व प्रत्येकाची विक्री तेवढीच राहिली, तर प्रत्येकाच्या वाट्यास ५,००० रुपये, म्हणजे विक्रीच्या १० टक्के येतात. जे दुकान एकट्यास बुडविते तेच आठांस पोसते.

परंतु सर्वांची विक्री कधीच सारखी नसते, आणि सामाईक दुकाने मोडतात ती बहुधा येथेच. एकाची विक्री ८०,००० व दुसऱ्याची २०,००० असता दोघांनी ५,००० रुपयेच द्यावेत असे ठरले, तर लहान्यास विक्रीचा चौथा हिस्सा द्यावा लागतो. सर्व खर्च विक्रीच्या प्रमाणात घ्यावा असे ठरले, तर जागा अडवून माल न विकणाऱ्यास काहीच झळ लागत नाही. यास्तव मधला मार्ग बरा. निम्मा खर्च, म्हणजे २०,००० रुपये, जागेच्या मानाने सर्वांनी सारखा द्यावा. तो प्रत्येकी २,५०० रुपये होतो. उरलेले २०,००० रुपये विक्रीवर बसवावेत. एकूण विक्री ४,००,००० रुपये असल्यास ते शेकडा ५ पडतात. मग ८०,००० विकणारा ६,५०० रुपये देतो व २०,००० विकणारा ३,५०० देतो. मोठ्यास जड नाही आणि लहान्यास टिकाव धरता येतो.

हिशेबाइतकेच नियमही महत्त्वाचे आहेत. माल विकला जाईपर्यंत तो निर्मात्याच्या मालकीचा राहावा व न विकलेला माल ठरल्या मुदतीनंतर त्यास परत जावा. प्रत्येक नगास चिठ्ठी असावी. तीवर निर्मात्याचे नाव व क्रमांक असावा आणि तोच क्रमांक रोजमेळात उतरावा, म्हणजे खतावणीत प्रत्येकाचे खाते आपोआप तयार होते. कोणता माल ठेवावा हे एकट्या माणसाने ठरवू नये, सभासदांच्या समितीने ठरवावे. एका सभासदाच्या नमुन्याची नक्कल दुसऱ्याने करू नये असा स्पष्ट निर्बंध असावा. आणि सर्वांवर म्हणजे, पैसे चुकते करण्याचा दिवस ठरलेला असावा व तो कोणत्याही सबबीवर पुढे ढकलला जाऊ नये. आमच्या मते सामाईक दुकानाचा प्राण या शेवटल्या नियमात आहे.

आपल्या घरची शिदोरी

सहकाराची ही दृष्टी आपणांस परकी नाही. १९०४ मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि दुसऱ्याच वर्षी, १९०५ मध्ये, त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ या खेड्यात सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था नोंदली गेली. देशातील अगदी पहिल्या सहकारी संस्थांत तिची गणना होते. हे गाव आता गदग जिल्ह्यात मोडते. पहिल्या कायद्याने केवळ पतपुरवठ्यास परवानगी दिली होती. उत्पादन व विक्री यांच्या संस्थांस १९१२ च्या कायद्याने वाट मोकळी झाली. कर्जाचा सहकार आपल्या भागात लवकर रुजला, पण विक्रीचा सहकार त्या मानाने मागे राहिला असे म्हणावे लागते.

हुबळीतील बेंगेरी येथील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ हे या बाबतीत सर्वांच्या नजरेपुढील उदाहरण होय. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या संघाने खादीच्या विखुरलेल्या संस्थांस एका छत्राखाली आणले. भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्रानिशी राष्ट्रध्वज तयार करण्याचा मान येथील कामगारांस मिळाला व त्यांत स्त्रियांचाच भरणा अधिक. ध्वजाचे कापड धारवाड तालुक्यातील गरग व बागलकोट भागातील केंद्रांतून विणून येते. परंतु ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांसही मुभा मिळाली. संघाने त्यास उघड विरोध केला. या बदलाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या संस्थेचा भार एका मालावर असतो, तिच्या डोक्यावर एका कागदाची टांगती तलवार राहते. सामाईक दुकानात निर्माते अनेक असावेत, मालही अनेक असावेत आणि गिऱ्हाईकही निरनिराळ्या थरांतील असावे.

दुसरे उदाहरण शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडूचे. नाट्यदिग्दर्शक प्रसन्न यांच्या पुढाकाराने तेथे १९९६ मध्ये ‘चरक’ ही स्त्रियांची सहकारी संस्था निघाली. हातमागाचे कापड नैसर्गिक रंगांत रंगवून त्याचे कपडे शिवणे हे तिचे काम आणि ‘देसी’ या नावाच्या दुकानांतून त्यांची विक्री होते. करणारी संस्था एक व विकणारी दुसरी, अशी ही रचना आहे. हस्तनिर्मित वस्तूंवर शून्य कर असावा या मागणीसाठी प्रसन्न यांनी २०१७ मध्ये चळवळ केली. २०२० च्या महामारीत विक्री थंडावली तेव्हा आपण मोठ्या आर्थिक संकटात असल्याचे या संस्थेस जाहीर करावे लागले. दुकाने असूनही हाती रोकड नसेल तर संस्था डळमळते, हा त्यातील धडा होय. म्हणून नफ्यातील काही हिस्सा पहिल्या वर्षापासून गंगाजळीत टाकणे अगत्याचे आहे.

कसुतीचा प्रश्न

आता धारवाडच्या कसुतीकडे वळू. चंद्रकळेवर काढलेली कसुती आमच्या मराठी घरांतही जुनी ओळखीची आहे. कापडावर रेखाटन न करता, उभ्या-आडव्या धाग्यांचा हिशेब मनाशी ठेवून ती भरावी लागते. तिचे टाके चार प्रकारचे. गवंती व मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. नेयगे हा विणीसारखा दिसतो, आणि मेंथी हा मेथीच्या दाण्यावरून नाव मिळालेला फुलीचा टाका आहे. उलट बाजूस गाठ दिसता कामा नये हा तिचा दंडक. गोपूर, पालखी, रथ, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन ही तिची चित्रे. एक धागा चुकला की चित्र बिघडते व ते उसवावे लागते. असे हे काम घरोघरच्या स्त्रिया संसार सांभाळून करतात आणि मजुरी नगावर घेतात.

कसुतीस भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंदणी मिळाली आहे. इरकलचे लुगडे व नवलगुंदचे जमखान यांसही ती आहे. या नोंदणीचा उपयोग मोठा असला तरी तिची मर्यादा ओळखली पाहिजे. १९९९ च्या कायद्यानुसार हे नाव वापरण्यासाठी निर्मात्याने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. घरी बसून काम करणाऱ्या बाईस ही वाट कोण दाखविणार? दुसरीकडे यंत्रावर भरलेली नक्षी कसुती म्हणून विकली जाते, आणि गिऱ्हाइकास उलट बाजू पाहण्याचे कोणी सांगत नाही. गावाचे नाव राखले गेले, पण बाईचे नाव हरवले, अशी ही स्थिती आहे. जी कला नावाविना राहते तिची मजुरी वाढत नाही, आणि मजुरी वाढत नाही ती कला लेकीने शिकावी असा आग्रह आईही धरीत नाही. कसुतीपुढील धोका आमच्या मते हाच आहे. यंत्राची नक्कल हे त्याचे एक अंग झाले.

नव्या पिढीतील अभिरुची मात्र अनुकूल आहे. गुळेदगुड्डचा खण पूर्वी चोळीपुरता होता. आता त्याच्या साड्या, झगे, जाकिटे व बटवे पुण्या-मुंबईच्या तरुण मुली हौसेने घेतात, आणि हे नमुने काढणारेही बहुतेक घरगुती, लहान निर्मातेच आहेत. हाराजुकूच्या खोल्यांतून जे झाले ते आपल्या खणाच्या बाबतीत आपोआप घडू लागले आहे. टोपे-तेनी पद्धतीने पदराचे रेशीम अंगाच्या धाग्यांत गुंफणारा इरकलचा विणकर, गुळेदगुड्डचा खण करणारा, कसुती भरणारी धारवाडची बाई आणि या तिन्हींतून नवा पोशाख बेतणारी शिक्षित तरुणी, ही चार माणसे एका छपराखाली आली तर हुबळीच्या पेठेस एक नवे आकर्षण लाभेल.

आपण काय करावे

आपल्यापैकी काही जणांस वाटेल की असे दुकान उघडणे म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकास दुसरीकडे वळविणे. ही भीती आम्हांस निराधार वाटते. जवळी साळेत रोजच्या नेसणीचे कापड घेण्यास येणारे गिऱ्हाईक वेगळे आणि नाव पाहून एखादाच नग घेणारे गिऱ्हाईक वेगळे. उलट दुसरे आले की पहिल्या पेठेतही त्याची फेरी होते. हाराजुकूच्या गल्लीतील छोट्या दुकानांमुळे हमरस्त्यावरील मोठ्या दुकानांचे दिवाळे निघाले नाही. गल्लीमुळे त्या वस्तीचे नाव झाले व त्याचा लाभ सर्वांनाच मिळाला.

व्यापाऱ्यास यात करण्यासारखे पुष्कळ आहे. अनेकांच्या दुकानांवरचे मजले जुन्या मालाने अडून पडले आहेत. त्यांपैकी एखादी जागा पहिल्या वर्षासाठी माफक भाड्याने देता येईल. निर्मात्यांस माल करता येतो, परंतु रोजमेळ व खतावणी, करांची विवरणे, साठ्याची मोजदाद आणि मोसमाचा अंदाज ही आपली पिढीजात विद्या आहे. ती शिकविण्यास भांडवल लागत नाही. नोंदणीची वाटही आता सोपी झाली आहे. सहकारी संस्था काढता येते, आणि २००२ मध्ये कंपनी कायद्यात केलेल्या तरतुदीनुसार हातमाग व हस्तव्यवसायातील दहा उत्पादक एकत्र येऊन उत्पादक कंपनीही स्थापू शकतात. त्यांच्या पाठीशी एखाद्या जाणत्या हिशेबनिसाने उभे राहावे एवढीच अपेक्षा आहे.

एक गोष्ट मात्र सांगितल्याविना हा लेख पुरा होत नाही. लहान निर्मात्याचा माल रोखीने विकून त्याचे पैसे महिनोन्‌महिने थकविण्याची चाल सर्वच पेठांतून दिसते. जांगड मालाचे पैसे ‘पुढच्या खेपेस’ देण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही गैर आहे असे वाटेनासे झाले आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या कायद्याने नोंदलेल्या लहान उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत व असल्यास फार तर ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले आहे. परंतु कायद्याच्या धाकाने पाळलेला वायदा आणि पेढीच्या अब्रूसाठी पाळलेला वायदा यांत अंतर आहे. आपल्या वाडवडिलांची पत हुंडीच्या तारखेवर उभी होती. हुंडी पटली नाही तर पेढीवर बसण्यास त्यांस लाज वाटे. मोठ्या पेढीच्या हुंडीस जो मान, तोच कसुती भरणाऱ्या बाईच्या चिठ्ठीस मिळाला पाहिजे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. व्यवसायबंधूंपैकी ज्यांस शक्य असेल त्यांनी येत्या वर्षात आपल्या दुकानात एक कपाट राखून ठेवावे. त्यात चार निर्मात्यांचा माल मांडावा, प्रत्येक नगावर करणाराचे नाव लिहावे आणि महिन्याच्या पाच तारखेस प्रत्येकाचा हिशेब चुकता करावा. एका कपाटाचा अनुभव चांगला आला तर गाळ्याचा विचार करता येईल, आणि गाळा चालला तर संस्थेचा. गिऱ्हाइकासमोर तो पदर उलगडताना त्याची उलट बाजूही दाखवावी, आणि ती कोणी भरली हेही त्यास सांगावे.